सोसायटीच्या पाण्यासाठी पैसे कुठे घालावेत? गच्चीवरचा पाऊस, बोअरचं पुनर्भरण आणि एसटीपी यांची तुलना

एजीएमच्या (वार्षिक सर्वसाधारण सभेच्या) विषयपत्रिकेवर ‘पाणी’ आलं की बहुतेक सोसायट्यांमध्ये तीन प्रकारची कोटेशनं टेबलावर येतात. एकात गच्चीवरचं पावसाचं पाणी टाकीत साठवायचं असतं, दुसऱ्यात ते बोअरमध्ये जिरवायचं असतं, तिसऱ्यात एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा बसवून ते पाणी फ्लशला फिरवायचं असतं. टँकर बंद होतील, असं तिघंही सांगतात. कमिटी कोटेशनची शेवटची ओळ बघते, सर्वांत कमी रकमेचं काम मंजूर होतं आणि पुढच्या एप्रिलमध्ये टँकर पुन्हा गेटवर उभा असतो.

रकमेची तुलना शेवटी करा. आधी प्रत्येक कंत्राटदाराला दोनच प्रश्न विचारा: यातून वर्षाला किती लिटर पाणी मिळेल, आणि ते कोणत्या महिन्यात मिळेल? यांची उत्तरं लेखी मागितली की चित्र बरंच बदलतं.

पुढची सगळी आकडेमोड एका नमुन्याच्या सोसायटीवर केली आहे. पुण्यातली सात मजली इमारत, ४० फ्लॅट, घरटी चार म्हणजे १६० माणसं, गच्ची ६०० चौरस मीटर. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी रोज १३५ लिटरचा आहे. म्हणजे रोजची गरज २१,६०० लिटर आणि वर्षाची सुमारे ७९ लाख लिटर. तुमचे आकडे वेगळे असतील, पण रीत हीच.

गच्चीवरचं पाणी: किती आणि कधी

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. त्यातलं थोडं उडून जातं, थोडं गच्चीच्या फरशीत मुरतं, पहिल्या सरीचं घाण पाणी सोडून द्यावं लागतं, म्हणून ८० टक्के धरायचं. पुण्यात वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर ६०० गुणिले ७०० गुणिले ०.८, म्हणजे ३ लाख ३६ हजार लिटर. ऐकायला आकडा मोठा वाटतो. आपल्या नमुन्याच्या सोसायटीला तो साडेपंधरा दिवस पुरतो.

हीच इमारत मुंबईच्या उपनगरात असती आणि पाऊस २,२०० मिलिमीटर धरला, तर साडेदहा लाख लिटर मिळाले असते. म्हणजे ४९ दिवसांचं पाणी. फरक तिपटीचा आहे. म्हणून मुंबईतल्या मेव्हण्यांच्या सोसायटीत जे चाललं ते पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात तसंच चालेल असं धरू नका.

इमारतीची उंचीही इथे निर्णायक ठरते. मजले वाढले की माणसं वाढतात, गच्ची तेवढीच राहते. २२ मजली टॉवरमध्ये माणशी वाट्याला येणारं छत सात मजलीच्या एक-तृतीयांशाहून कमी असतं. टॉवरच्या कमिटीने गच्चीवरच्या पावसावर मोठा खर्च करण्याआधी हा भागाकार जरूर करावा.

आता महिन्याचा प्रश्न. पुण्यातला पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरात येतो. टँकर लागतात मार्च ते जूनमध्ये. पावसाचं पाणी मे महिन्यासाठी राखून ठेवायचं तर टाकी किती मोठी हवी? एका महिन्याची गरज ६ लाख ४८ हजार लिटर, म्हणजे ६४८ घनमीटर. तीन मीटर खोल टाकी बांधली तरी २१६ चौरस मीटर जागा लागेल, म्हणजे साधारण सतरा गाड्यांचं पार्किंग. जुन्या सोसायटीत ही जागा नसते, आणि असली तरी तिला कोणी हात लावू देत नाही. शिवाय पुण्याच्या गच्चीवरून ती टाकी निम्मी जेमतेम भरेल, हे वेगळंच.

म्हणून कोटेशनमध्ये टाकी असते ती २० किंवा ५० हजार लिटरची. २० मिलिमीटरच्या एका पावसात आपल्या गच्चीवरून ९,६०० लिटर येतात, म्हणजे ५० हजारांची टाकी अशा पाच-सहा पावसांत भरते. भरल्यावर ती रिकामी केली नाही, तर पुढचा सगळा पाऊस गटारात जातो. टाकी उन्हाळ्यासाठी जपून ठेवायची नसते, पावसाळाभर रोज उपसायची असते, हे सोसायट्यांना कंत्राटदार सांगत नाहीत. रोज उपसली तर पावसाळ्यातला टँकर किंवा पालिकेच्या पाण्याचा वापर कमी होतो. पण धरणं भरत असताना तुमची अडचण तशीही कमीच असते.

याच गणिताची दुसरी बाजू कोकणात आणि गोव्यात दिसते. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, १२० चौरस मीटरचं कौलारू छप्पर आणि घरात पाच माणसं असतील, तर वर्षाला २ लाख ८८ हजार लिटर पाणी मिळतं. त्या घराची वर्षाची गरज अडीच लाख लिटरच्या आत आहे. तिथे अंगणात मोठी टाकी बांधणं हा सगळ्यांत शहाणपणाचा खर्च ठरू शकतो, कारण माणशी छप्पर मोठं, पाऊस भरपूर आणि जागा स्वतःची.

टाकीचं पाणी वापरणार असाल तर गच्चीची शिस्त लागते. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी बाहेर काढणारा व्हॉल्व्ह हवा, गाळणी दर पंधरवड्याला उघडायला हवी आणि कबुतरांचा बंदोबस्त हवा. जूनच्या पहिल्या पावसानंतर गाळणीचं झाकण उघडून बघा: पिसं, वाळलेली विष्ठा, सोलर पॅनेलखालचा धुरळा आणि डांबराच्या शीटचे तुकडे, सगळं काळ्या चिखलासारखं बसलेलं असतं. हे बघितल्यावर गाळणी कोण साफ करणार, हा प्रश्न कोणाला किरकोळ वाटत नाही.

बोअरचं पुनर्भरण: कमी खर्चाचं, पण कोणाचं पाणी?

टाकीला जागा नाही म्हटल्यावर बहुतेक कमिट्या इकडे वळतात. गच्चीचे पाइप एकत्र करायचे, गाळणी बसवायची आणि पाणी बोअरमध्ये किंवा शोषखड्ड्यात सोडायचं. तिन्ही पर्यायांत याचा खर्च बहुधा सगळ्यांत कमी असतो. जमिनीखाली टाकी फुकट मिळते असं मानलं जातं. त्यात तथ्य आहे, पण आपल्या महाराष्ट्रात ती टाकी कशी आहे हे आधी बघायला हवं.

पुणे, नाशिक, सोलापूर, संभाजीनगर ही शहरं बेसॉल्टवर उभी आहेत. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले आहेत. वरचा मुरूम आणि भेगाळलेला, सच्छिद्र खडक पाणी घेतो. मधला काळा, घट्ट पाषाण जवळपास घेतच नाही. थरांच्या मधे कुठेकुठे तांबड्या मातीचा पट्टा असतो, तोही पाणी अडवतो. जिथे पाणी राहतं तिथेही साठा खडकाच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्केच असतो. म्हणून एकाच गल्लीत एका सोसायटीच्या बोअरला मे महिन्यात पाणी असतं आणि शेजारचं फेब्रुवारीत आटतं. पाणाड्याने नारळ फिरवून सांगितलेल्या जागेपेक्षा भूजलतज्ज्ञाने थर बघून सांगितलेली जागा महत्त्वाची ठरते ती यामुळे. पुण्यात ‘अक्वाडॅम’सारखी संस्था वर्षानुवर्षं याच विषयावर काम करते आहे. नकाशा आणि थरांचा विचार न करता खणलेला पुनर्भरणाचा खड्डा हा पुष्कळदा नुसता खड्डाच असतो.

पैसे देण्याआधी एक चाचणी आवर्जून करून घ्या. बोअरमधली पाण्याची पातळी दोरीने मोजा. त्यात एका टँकरचं स्वच्छ पाणी सोडा आणि पातळी किती वेळात मूळ जागी येते ते घड्याळ लावून बघा. तासाभरात उतरली तर बोअर पाणी घेतं. दुसऱ्या दिवशीही पाणी वरच उभं असेल, तर तिथे गच्चीचं पाणी सोडून काही होणार नाही. चाचणीला एका टँकरचे पैसे जातात, पण चुकीच्या कामाचे वाचतात.

दुसरा प्रश्न जरा अवघड आहे. जिरवलेलं पाणी तुमचंच राहील याची खात्री नसते. ते उतार आणि भेगा जातील तिकडे जातं, आणि खालच्या अंगाच्या सोसायटीचा पंप जास्त तास चालत असेल तर ते तिच्या बोअरमध्ये निघतं. म्हणून काही सभासद म्हणतात, आपण शेजाऱ्यासाठी पैसे का घालावेत? मला हा युक्तिवाद पटत नाही. वरच्या अंगाची सोसायटी जिरवते ते तुम्हालाही मिळतंच. पण हिशेब मांडताना पुनर्भरणाचे लिटर ‘आपल्याला मिळणारे’ म्हणून धरू नका. परिसरासाठी केलेलं आवश्यक काम म्हणून धरा, आणि शेजारच्या चार सोसायट्यांना बरोबर घेता आलं तर घ्या.

चेन्नईचा अनुभव इथे उपयोगी आहे. तमिळनाडूत २००३ मध्ये सगळ्या इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचं झालं आणि पुढच्या काही वर्षांत शहरातली भूजल पातळी वर आली. तरीही २०१९ च्या उन्हाळ्यात शहराची जलाशयं कोरडी पडली आणि जुलैमध्ये जोलारपेट्टईहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आपल्याकडे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वे गेली होती, तशीच. पुनर्भरणाने शहर सावरतं, पण लागोपाठ दोन पावसाळे हुकले तर एकट्या पुनर्भरणावर ते तगत नाही. बंगळुरूत बायोम या संस्थेने मन्नू वड्डर समाजाच्या विहीर खणणाऱ्या कारागिरांबरोबर पुनर्भरण विहिरींची मोठी मोहीम चालवली. तिथला भर बोअरपेक्षा उथळ विहिरींवर आहे. तुमच्या आवारात जुनी, बुजवायला काढलेली विहीर असेल तर ती बुजवू नका. गाळ काढलेली विहीर नव्या बोअरपेक्षा पुनर्भरणाला जास्त चांगली.

काही ठिकाणी मात्र पुनर्भरणाला सरळ नकार द्या. मुंबईच्या सखल भागात पावसाळ्यात भूजल जमिनीखाली जेमतेम मीटर-दोन मीटरवर असतं. तिथे पाणी जिरवायला जागाच नसते, उलट बेसमेंटमध्ये ओल वाढते. आणि पार्किंगवरून किंवा बागेतून वाहणारं पाणी थेट बोअरमध्ये कधीही सोडू नये. त्यात तेल असतं, खतं असतात, कुत्र्यांची घाण असते. ते एकदा खाली गेलं की वर काढून साफ करता येत नाही.

एसटीपी: रोज येणारं पाणी

पाऊस चार महिने येतो, सांडपाणी बाराही महिने येतं. टंचाईतही ते पूर्ण थांबत नाही. ही एक गोष्ट एसटीपीला बाकीच्या दोघांपेक्षा वेगळं करते.

वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के गटारात जातं, म्हणजे आपल्या सोसायटीतून रोज १७ हजार लिटर. फ्लशसाठी माणशी ४५ लिटर लागतात असं भारतीय मानक धरतं. १६० माणसांचे रोजचे ७,२०० लिटर झाले. वर्षाचे २६ लाख. गच्चीवरच्या पुणेरी पावसाच्या जवळपास आठपट आणि मुंबईच्या पावसाच्या अडीचपट. शिवाय हे पाणी मे महिन्यातही मिळतं.

एवढं असूनही किती सोसायट्यांचं एसटीपी बंद असतं हे वास घेतल्याशिवाय कळत नाही. बांधकाम क्षेत्र २० हजार चौरस मीटरच्या वर असलेल्या प्रकल्पांना २००६ पासून पर्यावरण परवानगी लागते आणि तिच्या अटींमध्ये एसटीपी येतं. म्हणून मोठ्या संकुलांत यंत्रणा बांधलेली असते. बिल्डर हस्तांतर करून जातो, विजेचं बिल सोसायटीकडे येतं, आणि काही महिन्यांत कोणीतरी ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारं यंत्र, बंद ठेवायला सांगतं. ब्लोअर हा एसटीपीचा प्राण आहे. मैला खाणारे जिवाणू हवेवर जगतात, हवा बंद झाली की ते मरतात आणि टाकी सडू लागते. मग वास येतो, रहिवासी तक्रार करतात, आणि ‘एसटीपीला वास येतो’ या कारणाने ते कायमचं बंद होतं. वास येतो तो ते बंद ठेवल्यामुळे.

चालू एसटीपी बघायला जाल तेव्हा हवा सोडण्याच्या टाकीचं झाकण उघडायला सांगा. पाणी तपकिरी असेल आणि वास ओल्या मातीचा असेल तर ठीक. काळं पाणी आणि कुजक्या अंड्यांचा वास म्हणजे हवा कमी पडते आहे. मग शुद्ध झालेलं पाणी एका पारदर्शक बाटलीत भरून, झाकण लावून दोन दिवस ठेवा. दोन दिवसांनी झाकण उघडल्यावर वास आला तर ते पाणी फ्लशच्या टाकीतही वास मारणार. प्रयोगशाळेचा अहवालही मागा. फेरवापराच्या पाण्याचा बीओडी (पाण्यात उरलेली सेंद्रिय घाण मोजणारा आकडा) लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत असावा आणि शेवटी जंतू मारण्यासाठी क्लोरीन किंवा यूव्हीचा (अतिनील किरणांचा) टप्पा असावा.

खरी अडचण पाइपांची आहे. फ्लशला वेगळं पाणी द्यायचं तर गच्चीवर वेगळी टाकी हवी, तिथून प्रत्येक संडासापर्यंत वेगळी लाइन हवी. नव्या संकुलांत ती बहुधा असते. १९९० च्या दशकातल्या इमारतीत नसते. डक्टमध्ये, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीत, माणूस उभा राहू शकत असेल आणि फ्लशची जोडणी बाहेरून करता येत असेल तर काम शक्य आहे. नाहीतर ४० घरांच्या बाथरूमची फरशी फोडावी लागेल, आणि त्याला सगळे सभासद तयार होणार नाहीत. तयार होऊही नये, असं मला वाटतं.

यात एक धोका असा आहे की त्यावर तडजोड चालत नाही. एखादा प्लंबर घाईत चुकीच्या पाइपला पाइप जोडून जातो आणि फ्लशचं पाणी वॉश बेसिनला येऊ लागतं. ते दिसायला स्वच्छ असतं, त्यामुळे लक्षात येत नाही. म्हणून फ्लशची लाइन पूर्ण जांभळ्या रंगाची ठेवा आणि वर्षातून एकदा रंग टाकून चाचणी करा: फ्लशच्या टाकीत खाद्यरंग मिसळायचा आणि प्रत्येक घरातले बाकीचे सगळे नळ सोडून बघायचे. कुठेही रंग दिसला तर ती लाइन त्याच क्षणी बंद करायची. ज्या कमिटीला ही चाचणी दरवर्षी करणं जमणार नाही, तिने दुहेरी लाइनच्या वाटेला जाऊ नये. शुद्ध केलेलं पाणी बागेला आणि पार्किंग धुवायला वापरावं, तेही काही कमी नाही.

सांडपाणी फिरवण्याची कल्पना किळसवाणी वाटणाऱ्या सभासदांना दोन उदाहरणं सांगता येतात. नामिबियाची राजधानी विंडहूक १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पाण्यात मिसळते आहे. आणि नागपुरात भांडेवाडीचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं, त्यामुळे तेवढं धरणाचं पाणी शहरासाठी उरतं. फ्लशला ते वापरण्यात आरोग्याचा प्रश्न आहे तो चुकीच्या जोडणीचा.

ज्याचं कोटेशन कोणी देत नाही

चौथा पर्याय नळ, गळती आणि फ्लशच्या टाक्या. यात कंत्राटदाराला फारसं मिळत नाही, म्हणून तो मीटिंगमध्ये येतच नाही. आकडे मात्र त्याच्याच बाजूने बोलतात.

जुनी फ्लशची टाकी एका वेळी दहा लिटर सोडते. माणसाने दिवसात पाच वेळा वापरली तर ५० लिटर. दोन बटणांची तीन आणि सहा लिटरची टाकी असेल तर तेच काम १८ लिटरमध्ये होतं. माणशी ३० लिटर वाचले असं धरलं तर १६० माणसांचे रोजचे ४,८०० आणि वर्षाचे साडेसतरा लाख लिटर. गच्चीवरच्या पुण्याच्या पावसाच्या पाचपट! लोक छोटं बटण दाबायला विसरतात, पाहुणे येतात, म्हणून निम्मीच बचत धरली तरी ती अडीचपट आहे. फरशी फोडावी लागत नाही, वीज लागत नाही, ऑपरेटर लागत नाही.

हे केलं की एसटीपीचं गणितही बदलतं, आणि ते प्रामाणिकपणे मांडायला हवं. सगळे छोटं बटण आठवणीने दाबत असतील तर फ्लशची रोजची गरज तीन हजार लिटरच्या आसपास उतरते. मग जुन्या इमारतीत तेवढ्यासाठी नवा एसटीपी आणि दुहेरी लाइन टाकणं परवडत नाही. ज्यांच्याकडे यंत्रणा आधीच आहे त्यांनी ती चालवावी, नव्याने बांधायला निघालेल्या ४० फ्लॅटच्या सोसायटीने थांबावं.

गळती शोधायला रात्री दोन वाजता गच्चीवर जावं लागतं. वरच्या टाकीची पातळी दोनला मोजायची, पंप बंद ठेवायचा, चारला पुन्हा मोजायची. तीन बाय तीन मीटरच्या टाकीत पातळी पाच सेंटिमीटर उतरली म्हणजे ४५० लिटर गेले. या वेगाने दिवसाला ५,४०० लिटर, म्हणजे आपल्या सोसायटीच्या पाण्याचा पाव हिस्सा. पहाटे कोणी उठलं असेल म्हणून थोडं वजा करा, तरी हे पाणी कुठे जातंय हे शोधायलाच हवं. बहुतेक वेळा ते चार-पाच घरांतल्या फ्लशच्या टाकीतून झिरपत असतं आणि त्या घरांना त्याचा पत्ताही नसतो. टाकीत रंग टाकून फ्लश न करता अर्धा तास थांबा. भांड्यात रंग उतरला तर वॉशर बदलायला हवा.

पुढची अडचण बिलाची. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचा खर्च घरातल्या नळजोडांची संख्या आणि आकार बघून वाटला जातो, किती पाणी वापरलं यावर नाही. दोन आजी-आजोबांचं घर आणि सहा जणांचं घर सारखंच भरतं. घरोघरी मीटर बसवणं न्याय्य आहे, पण जुन्या इमारतीत स्वयंपाकघराची, दोन्ही बाथरूमची अशा तीन-चार डाउनटेक (गच्चीच्या टाकीतून खाली येणाऱ्या लाइन) असतात, म्हणजे एका घराला तीन-चार मीटर. ते जमत नसेल तर निदान विंगनिहाय मीटर बसवा आणि आकडा दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावा.

केप टाउनने २०१८ मध्ये नळ पूर्ण बंद होण्याची वेळ टाळली, ती ऐनवेळी नवं धरण बांधून नव्हे. फेब्रुवारीपासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा आली, वाहिन्यांमधला दाब उतरवला गेला, शेतीचा वाटा कमी झाला आणि पावसाळा येईपर्यंत शहराने निभावलं. बंगळुरूतही मार्च २०२४ मध्ये टंचाई आली तेव्हा नळांना एरेटर (पाण्यात हवा मिसळून धार कमी करणारी जाळी) लावण्याची सक्ती झाली आणि पिण्याच्या पाण्याने गाड्या धुणाऱ्यांना पाच हजारांचा दंड लागू झाला. संकट आल्यावर शहरं जे सर्वांत आधी करतात, ते आपण त्याआधी का करू नये, असं मला कळकळीने वाटतं.

टँकर आणि आणखी खोल बोअर

टँकर सगळ्यांत सोपा, म्हणून सगळे तिथेच थांबतात. पण त्याचं पाणी कुठून आलं हे तुम्हाला ठाऊक नसतं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा विहिरी आणि टँकर भरण्याच्या जागांचीही तपासणी झाली. टँकर घेणं टळत नसेल तर खालच्या टाकीत उतरवण्याआधी क्लोरीन तपासायची साधी किट वॉचमनकडे ठेवा. वर्षाचं टँकरचं बिल मात्र नक्की काढा, कारण बाकी प्रत्येक पर्यायाचा खर्च त्याच्याशीच ताडून बघायचा आहे.

बोअर आणखी दोनशे फूट खाली नेण्याचा सल्लाही हमखास मिळतो. घट्ट पाषाणात खोली वाढली म्हणून पाणी वाढत नाही. त्यावर अधिक काही लिहायची गरज नाही.

मग कोणी काय निवडावं

पुण्या-नाशिकातली जुनी, चाळीस-पन्नास फ्लॅटची सोसायटी असेल तर पहिला पैसा गळती आणि फ्लशच्या टाक्यांवर घाला. दुसरा, बोअर चाचणीत पाणी घेत असेल तरच, पुनर्भरणावर. मोठी साठवण टाकी आणि नवा एसटीपी दोन्ही सोडून द्या.

मोठं संकुल असेल आणि एसटीपी बंद पडलेलं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून ते आधी चालू करा. यंत्रणेचा खर्च घराच्या किमतीतून तुम्ही आधीच भरलेला आहे. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. त्यातल्या वाघोलीसारख्या भागांत टँकर उन्हाळ्यापुरता नसतो, वर्षभर असतो. तिथे फेरवापराचा प्रत्येक लिटर टँकरचे पैसे वाचवतो, म्हणून तिथल्या संकुलांचा एसटीपीवरचा खर्च सगळ्यांत लवकर वसूल होतो.

मुंबई-ठाण्यात साठवण टाकी करण्यासारखी आहे, पण पावसाळाभर रोज उपसण्याच्या हिशेबाने आणि जिथे पाया व जागा आहे तिथेच. कोकणात, गोव्यात स्वतंत्र घर असेल तर टाकी हाच पहिला पर्याय.

पुनर्विकासाची बोलणी सुरू असतील तर आज पाइपांवर एक रुपयाही घालू नका. त्याऐवजी विकासकाबरोबरच्या करारात फ्लशची वेगळी लाइन, विंगनिहाय नव्हे तर घरटी मीटर आणि एसटीपीच्या पहिल्या काही वर्षांच्या देखभालीची जबाबदारी लिहून घ्या. बांधताना हे अगदी कमी खर्चात होतं, नंतर जवळजवळ होतच नाही.

पुण्यात पर्जन्यजल संधारणासारख्या प्रकल्पांना मालमत्ता करातल्या सर्वसाधारण करावर ५ ते १० टक्के सवलत मिळते, प्रकल्प चालू असेल तर. हिशेबात ती धरा, पण तिच्यासाठी म्हणून प्रकल्प करू नका.

एजीएमच्या ठरावात यंत्रणेच्या रकमेबरोबर आणखी तीन गोष्टी लिहून घ्या. गाळणी, ब्लोअर किंवा व्हॉल्व्ह बघणारे दोन सभासद नावानिशी ठरवा. ऑपरेटर आणि वीज यांची वार्षिक तरतूद मेंटेनन्समध्येच धरा, दरवर्षी नव्याने मागावी लागेल अशी ठेवू नका. आणि काम पूर्ण झाल्यावर कंत्राटदाराची शेवटची दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा आणि पहिला मे महिना पार पडल्यावर, मीटरचे आकडे बघूनच द्या.